मेहुण्याची दारू

सोमवार, २ फेब्रुवारी

आज एका निवृत्त न्यायाधीशांना एका फुलवाल्या बाईंचे दात बसले. बसवले डॉक्टरीणबाईंनी, मी फक्त डब्या बदलल्या.

दोन कवळ्या, दोन डब्या, दोन चिठ्ठ्या. चिठ्ठ्या मी शनिवारी दुपारी चिकटवल्या, जेवणानंतर. जेवणाआधी थोडी झाली होती. साहेबांचा जबडा केवढा आणि त्या बाईंचा केवढासा! साहेब आरशात बघून हसले, तर तोंडात मण्यांची माळ ठेवल्यासारखं दिसलं म्हणे. मग ते शिंकले आणि खालची कवळी थेट स्टीलच्या ट्रेमध्ये. मी आतल्या खोलीत प्लास्टर कालवत होतो. मला आधी 'खण्ण' ऐकू आलं आणि मागोमाग डॉक्टरीणबाईंची हाक. एरवी त्या मला दादा म्हणतात. आज नुसतंच "इकडे या."

मी या दवाखान्यात त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून आहे. या बाई तेव्हा शाळेच्या दप्तरात आमचे प्लास्टरचे जबडे घालून न्यायच्या आणि मैत्रिणींना घाबरवायच्या. मी कधी चहाडी केली नाही. पण उपकार कोण लक्षात ठेवतं!

"हात पुढे करा," म्हणाल्या. केले. बोटं अदृश्य टाइपरायटर बडवत होती.

त्यांनी खणातून एक चिठ्ठी काढून वाचली. "वाचनालयाची इमारत, दुसरा मजला, गुरुवारी संध्याकाळी सहा. दारू सोडणाऱ्यांची बैठक असते. दर आठवड्याला जायचं आणि तिथल्या माणसाची सही आणायची. सही नाही, तर काम नाही."

"अहो, पण मी दारुडा नाही."

"मी कुठे म्हटलं? तुम्ही फक्त जा."

चिठ्ठीवरचं अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं. 'ळ' काढायची ती पद्धत. असेल कुणा पेशंटचं.

वर ही कोरी वही दिली. "रोज नाही जमलं तरी अधूनमधून खरं लिहा. मी वाचणार नाही." वाचणारच नसतील तर काय हरकत आहे? आज दोन घेतल्या. मोठ्या.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

बायकोची मंगळवारची जादा पाळी. ही रुग्णालयाच्या फोनवर बसते. दिवसभर लोक तिच्यावर ओरडतात आणि ही प्रत्येकाला "एक मिनिट हं" म्हणते. पाळीवरून आली की हल्ली बरीच शांत असते. जास्त काम केल्याने माणूस शांत होतो हे मला नवीन आहे.

ती नसली की घर खायला उठतं. म्हणून तीन.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

शोधत गेलो. म्हणजे इमारत सापडली लगेच, सापडत नव्हता तो धीर. तीन प्रदक्षिणा घातल्या. समोरच्या दुकानातून नको असलेलं पेन घेतलं. शेवटी पहारेकऱ्याला विचारलं, "वर काय काय असतं हो?"

"तुम्हाला काय पाहिजे?"

"काही नाही. सहज."

त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गावजेवणाची हाळी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "सहज म्हणजे दारूवाले! जिन्याने वर, डावीकडचं शेवटचं दार!"

तळमजल्यावर वाचनकक्ष आहे. तिथली सगळी वर्तमानपत्रं एकदम खाली आली आणि त्यांच्यावर डोळे उगवले. मी मान ताठ ठेवून जिना चढलो. मागोमाग दोन बायका चढत होत्या. दुसऱ्या मजल्यावर डावीकडे वळलो असतो तर त्यांना कळलं असतं. म्हणून उजवीकडे वळलो, अगदी जन्मल्यापासून उजवीकडेच वळत आल्यासारखा.

तर त्या बायकाही उजवीकडेच. शेवटचं दार उघडं. आत गोलात खुर्च्या, सहासात बायका, एक आजोबा. "या, बसा. पहिल्यांदाच ना?" म्हणून एकीने खुर्ची ओढली. मी बसलो. मनात म्हटलं, बायका इतक्या पितात? आणि पिऊन इतक्या नीटनेटक्या राहतात?

मग खाकी गणवेशातल्या एक कंडक्टरबाई सांगू लागल्या, "आमचा काल परत पिऊन आला. चपला घरात आणि स्वतः दाराबाहेर झोपला." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही पिणाऱ्यांची खोली नव्हतीच. ही पिणाऱ्यांच्या घरच्यांची.

उठायला हवं होतं. पण तेवढ्यात माझी पाळी आली. बैठक चालवणाऱ्या बाई टपाल कचेरीतून निवृत्त झालेल्या. माणसाकडे पत्ता अपुरा असलेल्या पाकिटासारखं बघतात. त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी कोण घेतं?"

तोंडातून निघून गेलं, "मेहुणा."

"बहिणीचा नवरा की बायकोचा भाऊ?"

"बायकोचा भाऊ."

आता हा मेहुणा खरा आहे. गणिताचा मास्तर. लग्न केलं नाही, सिगारेट ओढली नाही, सोड्याची बाटली उघडताना दोन पावलं मागे सरकतो. आम्ही त्याला पाठीमागे कोरडे मास्तर म्हणतो. देवा, त्याचं सगळं आयुष्य मी एका दमात भिजवून टाकलं.

"सकाळीही घेतो?" कंडक्टरबाईंनी विचारलं.

"फक्त हात स्थिर करायला. कामापुरती."

सगळ्या माना एकदम हलल्या. इतकं मन लावून माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. मेहुणा गणिताचा मास्तर आहे हे सांगितलं आणि त्याची बाटली प्लास्टरच्या पोत्यात कशी असते तेही.

"गणिताच्या मास्तरकडे प्लास्टर?" टपालताई म्हणाल्या.

"घराचं काम काढलंय."

शेवटी सहीसाठी कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटंपालटं केलं. "ही कुणाला दाखवायची?"

"कामावर."

"मेहुणा पितो म्हणून तुम्हाला कामावर सही लागते?"

"आमच्याकडे फार कडक आहेत."

त्यांनी सही केली. तिकिटावर शिक्का मारावा तशी, कचकन.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी सही पाहिली, "बरं झालं" म्हणाल्या आणि पुन्हा दादा म्हणाल्या. साप मेला, काठी शाबूत आणि सापालाही काही झालं नाही. या आनंदात किती, ते मोजलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज बैठकीत लपवण्याच्या जागांवर चर्चा झाली. छतावरची टाकी, तांदळाचा डबा, बुटाचं खोकं, एकाच्या तर आजारी आईच्या उशाखाली. मी मेहुण्याच्या चार सांगितल्या आणि मनातल्या मनात तीन नवीन टिपून घेतल्या. माणसाने कुठेही गेलं तरी काही शिकून यावं.

आजोबांचा मुलगा पितो. आजोबा बोलताना मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो. वरची कवळी माझ्या हातची! समोरचे दोन दात मी मुद्दाम किंचित वाकडे ठेवले होते. अगदी सरळ दात खोटे वाटतात. त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. त्यांना ठाऊक नाही की त्यांचं हसू मी रचलेलं आहे. छान वाटलं. ते काम मी सकाळची न घेता केलं होतं, तेव्हा सकाळची नव्हतीच.

चहाच्या बाबतीत मात्र ही मंडळी कंजूष. सगळ्यांना भरून कप, मला अर्धा. नवीन माणूस म्हणून असेल.

टपालताईंनी विचारलं, "तुमच्या मेहुण्याची बायको काय करते?"

मी म्हटलं, "काही नाही." त्याला बायकोच नाही, तर ती काय करणार?

"काही करत नाही असं नसतं. या आठवड्यात तिच्याकडे नुसतं बघा. सल्ला द्यायचा नाही, भांडायचं नाही. बघायचं आणि पुढच्या वेळी सांगायचं."

आता आली का पंचाईत? या वयात गृहपाठ!

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

तांदळाच्या डब्यात ठेवून पाहिली. संध्याकाळी डबा उघडला तर तांदूळ होते, बाटली नव्हती. ही काही बोलली नाही. भात मात्र चांगला मोकळा झाला होता.

रविवार, १५ फेब्रुवारी

मेहुण्याला बायको नाही, तेव्हा सोय म्हणून हिलाच बघतोय. बायको ती बायको.

टिपणं अशी: मी पहिल्या मजल्यावर पोचलो की ही रेडिओ बंद करते. जिन्यावरची माझी पावलं ऐकते. सरळ पडली तर रेडिओ परत लागतो. वाकडी पडली तर लागत नाही. हे मला आज कळलं, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर. मग मी एक प्रयोग केला. कोपऱ्यावर जाऊन दोन घेतल्या आणि जिना अगदी सैनिकासारखा चढलो. टाप, टाप, टाप. रेडिओ लागला नाही. म्हणजे सरळ चालण्याची माझी कल्पनाच वाकडी आहे.

दुसरं, दवाखान्यातून फोन आला की ही म्हणते, "त्यांना जरा कणकण आहे." ते इतकं गोड म्हणते की मलाही कपाळाला हात लावून बघावंसं वाटतं.

तिसरं, पलंगाखाली एक बॅग आहे. हिच्या चार साड्या, स्वेटर आणि एक कोरा दात घासायचा ब्रश. कुणाला तरी द्यायला ठेवलं असेल. ब्रश कडक केसांचा आहे. हिच्या हिरड्या हुळहुळतात, मऊ घ्यायला हवा होता. सांगायला हवं. पण सल्ला द्यायचा नाही असं ठरलंय.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

काल माझ्या हातून आमटीचं भांडं सांडलं. मी ओरडलो, "भांडंच निसरडं आहे!" ही फडकं माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पिणं तुमचं, पुसणंही तुमचं." आणि जाऊन रेडिओ ऐकत बसली. एरवी स्वतः पुसते.

गंमत म्हणजे आमच्या बैठकीत टपालताई अगदी असंच म्हणतात. "पिणं त्याचं, निस्तरणंही त्याचं." हल्ली रेडिओवर सांगत असतील बहुतेक.

आज तिची जादा पाळी होती.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

गृहपाठ सांगितला. "मेहुण्याची बायको जिन्यावरची पावलं ऐकते," म्हणालो. रेडिओचं सांगितलं. कणकणीचं सांगितलं. बॅगेचंही सांगितलं, नुसतं माहिती म्हणून.

कंडक्टरबाईंनी पदर नव्हता म्हणून तिकिटाच्या पिशवीनेच डोळे पुसले. आजोबा जमिनीकडे बघत होते. टपालताईंनी हळूच विचारलं, "ती बॅग कशाची आहे असं मेहुण्याला वाटतं?"

"जुने कपडे असतील. द्यायला."

"कोऱ्या ब्रशसकट?"

मला एकदम तहान लागली. ती तहान. मी चहा मागितला. अर्धा कप आला. तोही हातात धरताना बशीचा ताशा वाजला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की अर्धा कप का देतात. भरलेला दिला असता तर निम्मा माझ्या मांडीवर सांडला असता. पहिल्या दिवसापासून बघत असणार या. मी त्यांच्याकडे पाहिलं, तर सगळ्या जणी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तसंच असेल की नाही, कोण जाणे. बायका मुळातच मायाळू असतात, एवढाच अर्थ असेल.

शनिवार, २१ फेब्रुवारी

आज साक्षात बळीच्या बकऱ्याबरोबर बसने जायची वेळ आली. कोरडे मास्तरांना डोळे तपासायला न्यायचं होतं. बसमध्ये चढलो तर तिकीट द्यायला कोण? आमच्या कंडक्टरबाई!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं. "हेच का?"

मी म्हटलं, "दोन द्या." म्हणजे तिकिटं.

त्या मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "दादा, फक्त आजचं बघायचं. उद्याचं उद्या."

मास्तर घाबरले. तिकीट डोळ्यांजवळ नेऊन बघत म्हणाले, "पण तिकीट आजचंच आहे ना?"

"घरच्यांना फार त्रास होतो हो. लपवून काही उपयोग नसतो, सगळ्यांना दिसत असतं." हे बोलताना त्या बघत होत्या माझ्याकडे आणि एक डोळा बारीक केला होता. धूळ गेली असावी. बसमध्ये धूळ फार.

उतरल्यावर मास्तरांनी तिकीट जपून खिशात ठेवलं. मग म्हणाले, "भाऊजी, मला बद्धकोष्ठाचा त्रास आहे हे त्या बाईला कुणी सांगितलं?"

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज ही घरीच. म्हणाली, वाचनालय... म्हणजे रुग्णालय, आज जादा पाळी नाही, या आठवड्यात गुरुवारी आहे. दिवसभर फोन घेऊन जीभ वळत नसणार बिचारीची.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

लिहायला बसलोय खरा. घरात कुणी नाही.

मंगळवारी वाचनालय बंद होतं म्हणून मंगळवारच्या बैठकीची मंडळी आज आमच्यात येणार, असं टपालताईंनी सुरुवातीलाच सांगितलं. खुर्च्या वाढवल्या. माझी पाठ दाराकडे. मी रंगात आलो होतो. म्हटलं, "माझा मेहुणा काल इतका प्यायला, इतका प्यायला की स्वतःच्या घराची बेल वाजवून 'मी घरात आहे का?' असं विचारत होता."

हसले लोक. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आणि एक आवाज आला, स्वच्छ, शांत, रुग्णालयात चुकीचा नंबर लागला की सांगतात तसा.

"माझा भाऊ पीत नाही."

मी वळलो नाही. वळायची गरजच नव्हती.

पहिल्यांदा आजोबांना हसू फुटलं. इतकं की माझी कवळी, म्हणजे त्यांची, सटकली आणि त्यांनी ती ओंजळीत झेलली. मग कंडक्टरबाई, मग सगळ्याच. ही हसली नाही. ती येऊन रिकाम्या खुर्चीवर बसली, बरोबर माझ्यासमोर. टपालताई म्हणाल्या, "ताई, बोलायचं नसेल तर नका बोलू."

"बोलते," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता बोलली. "मी दोन वर्षं मंगळवारी इथे येते. मागच्या महिन्याअखेर बहिणीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. बॅगही भरली. जाण्याआधी एकदा शेवटचं म्हणून यांच्या डॉक्टरीणबाईंना इथला पत्ता लिहून दिला. आणि हे गुरुवारी जायला लागले. दर गुरुवारी. स्वच्छ शर्ट घालून. मी म्हटलं, थांबावं. बॅग तशीच ठेवली. रोज वाटायचं, विचारावं, आत काय बोलता? पण आपण विचारायचं नसतं." मग तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही चार गुरुवार माझ्या भावाची दारू सोडवत होतात?"

मी उठलो आणि बाहेर आलो. समोर, मधल्या जिन्याच्या पलीकडे, डावीकडचं शेवटचं दार. आतून कुणाचा तरी बोलण्याचा आवाज येत होता. मी तिथवर गेलो. कडीवर हात ठेवला.

मग जिना उतरलो आणि कोपऱ्यावर गेलो.

किती घेतली ते लिहीत नाही. आठवत नाही, हे आजचं खरं वाक्य.

बॅग पलंगाखाली नाही.

शनिवार, २८ फेब्रुवारी

दार वाजलं. वाटलं, ही आली. कोरडे मास्तर होते. हातात डबा.

"ताईने पाठवलाय?" मी विचारलं.

"नाही. मी केलाय. भात करपलाय, वरचा वरचा खा."

ते समोर बसून मला जेवताना बघत राहिले. मग चष्मा पुसला. "भाऊजी, मी पितो असं तुम्ही लोकांना सांगत होतात म्हणे."

"चूक झाली."

"नाही, तसं नाही." ते जरा पुढे सरकले. "किती प्यायचो मी?"

"बऱ्यापैकी."

"म्हणजे... भांडणं वगैरे?"

"एकदा घराची बेल वाजवून स्वतःचीच चौकशी केलीत."

"बापरे!" मास्तरांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं त्याला मी अभिमानच म्हणेन. आयुष्यात यांच्याबद्दल पहिल्यांदाच कुणी काही बोललं असणार. "आणि लोक काय म्हणाले?"

"काळजी वाटायची त्यांना तुमची. एक आजोबा दर वेळी विचारायचे, मास्तर कसे आहेत."

त्यांनी चष्मा पुन्हा पुसला. "मग मी सोडली का शेवटी?"

"नाही अजून."

"सोडायला हवी, भाऊजी," मास्तर म्हणाले. "ताई लहानपणी अंधाराला घाबरायची नाही, कुत्र्याला घाबरायची नाही. आता जिन्यावर कुणाचीही पावलं वाजली की दचकते. माझ्याकडे आली तरी दचकते. माझ्याकडे तर कुणी येतही नाही."

मी जेवण तसंच ठेवलं. ते करपलेलं होतं म्हणून नाही.

सोमवार, २ मार्च

सही नसताना कामावर गेलो. डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला, मी कार्ड न देता सगळं सांगितलं. उजवीकडची खोली, मेहुणा, प्लास्टर, सगळं. त्यांनी तोंडावरचा मास्क काढला नाही, पण तो गदागदा हलत होता. शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "वडील असते तर त्यांनी तुम्हाला काढलं असतं. आणि मग रोज ही गोष्ट पेशंटना सांगितली असती."

"मग मला काढताय?"

"गुरुवार अजून यायचाय. तोवर मेणाला आणि दातांना हात लावायचा नाही. नुसतं प्लास्टर." आणि ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, इतकी वर्षं झाल्यावर आपल्या मनाने एकदम बंद करायची नसते, धोका असतो. गोळ्या दिल्या, रोज येऊन दाखवायला सांगितलं. मी म्हटलं, फार नाही घेत हो मी. ते म्हणाले, किती? मी या वहीची पानं मनात चाळली आणि खरा आकडा सांगितला. त्यांनी तो दुसऱ्यांदा विचारला.

बुधवार, ४ मार्च

घाम. भिंतीवरची पाल माझ्याशी बोलते आहे असं दोनदा वाटलं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळी वाढवली. मास्तर इथेच झोपतात. मुलांचे पेपर तपासतात आणि मधूनच, "भाऊजी, आहात ना?" विचारतात. पालीपेक्षा बरे.

काल आणि आज, शून्य. मास्तर म्हणतात शून्य हा फार मोठा शोध आहे.

गुरुवार, ५ मार्च

मास्तर बरोबर आले. म्हणाले, "तुम्ही एकटे डावीकडे वळणार नाही." दुसऱ्या मजल्यावर पाय खरोखरच उजवीकडे चालले होते. मास्तरांनी दंडाला धरून दिशा बदलली, शाळेत पोराला फळ्याकडे नेतात तसं.

आत दहाबारा माणसं, दोन बायकाही. खुर्च्या तशाच गोलात. दाराशी बसलेल्या गृहस्थांनी आमच्याकडे पाहून विचारलं, "दोघांपैकी कोण?"

मास्तर म्हणाले, "आधी मी प्यायचो म्हणे. आता हे पितात."

गृहस्थ काही क्षण विचारात पडले. मग मास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवून मला आत घेतलं. माझी पाळी आली. शेवटी एवढंच म्हणालो, "मी दारू पितो. माझा मेहुणा पीत नाही."

कुणी हसलं नाही. कुणी म्हटलं नाही की हे काय भलतंच. सगळे म्हणाले, "या." बस्स, एवढंच. या. मी खोकल्याचं नाटक केलं. शेजारच्या माणसाने खोकल्याच्या गोळ्यांची पुडी पुढे केली आणि म्हणाला, "मीही पहिल्या दिवशी खोकलोच होतो."

चहा मिळाला. सगळ्यांनाच अर्धा.

बाहेर आलो तर उजवीकडचीही सुटली होती. ही जिन्याच्या तोंडाशी उभी. मास्तर म्हणाले, ताई आता मंगळवारऐवजी गुरुवारीच येते. मला डावीकडून येताना तिने पाहिलं. बहिणीच्या घराकडे जाणाऱ्या बसने निघून गेली. मास्तर मला म्हणाले, "बघून गेली." जणू तो एखादा निकाल होता.

सोमवार, ९ मार्च

एक शून्य मोडलं. शनिवारी. दोन घेतल्या. लपवून ठेवणार होतो, पण ही वही आहे. काल डावीकडच्या खोकल्याच्या गोळ्यांवाल्याला फोन करून सांगितलं. त्याने ओरडायला हवं होतं. तो म्हणाला, "मग आज?" मी म्हटलं, "आज नाही." "झालं तर."

आज पुन्हा शून्यापासून.

गुरुवार, १२ मार्च

आज एकटा गेलो. एकटा डावीकडे वळलो. शनिवारचं सगळ्यांसमोर सांगितलं. सहीसाठी कार्ड काढलं, तर गृहस्थ म्हणाले, "ही कुणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठी." त्यांनी काही विचारलं नाही.

खाली बसथांब्यावर ही होती. मी तिच्यापासून दोन हात लांब उभा राहिलो. आपण विचारायचं नसतं, म्हणून तिने विचारलं नाही. मग तिनेच विचारलं.

"काय बोललात आत?"

"आतलं बाहेर सांगायचं नसतं."

"हो. आमच्यातही नसतं." ती समोर बघत म्हणाली. मग, "शनिवारचं मला ठाऊक आहे. भावाने सांगितलं."

"त्याच्या पोटात काही राहत नाही."

"त्याच्या पोटाचं नाव काढू नका. बसमध्ये त्याला कुणी काय सांगितलं ते त्याने मला तीनदा ऐकवलंय." तिच्या ओठाचा कोपरा हलला. दात दिसले नाहीत, पण मी धंद्याने ओळखतो, हसू कुठून सुरू होतं ते.

बहिणीकडे जाणारी बस आली. थांबली. दार उघडलं. ही जागची हलली नाही. दार बंद झालं, बस गेली. मी काहीच बोललो नाही. हे आयुष्यातलं माझं सर्वांत अवघड गप्प बसणं.

मग आमच्या बाजूची आली. "भाजी संपलीये ना घरात?" ती म्हणाली. "आणि मी फक्त रविवारपर्यंत. मग बघू." आणि चढली.

दोनच जागा होत्या, एक पुढे, एक पार मागे. ती पुढे बसली, मी मागे. सगळी बस आमच्यामध्ये. तिचा अंबाडा आणि खांद्यावरची पिशवी एवढंच दिसत होतं. आमचा थांबा जवळ आला तेव्हा तिने मागे वळून पाहिलं, मी आहे ना ते. मी हात वर केला. तो थरथरत होता. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, हलवतोय.